मरणाची वेळ टाळणाऱ्या रक्तपेशी

माझे मामा चोपडा तालुक्यात कापूस आणि केळी पिकवतात. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्यांची नेहमीची रक्ततपासणी झाली आणि सीबीसीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा ६२ हजार आला. निरोगी प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. पुढच्या तपासण्यांत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात सीएलएल म्हणतात त्या रक्ताच्या संथ कर्करोगाचे निदान झाले. घरात रडारड झाली. मामांना मात्र ना ताप होता ना अशक्तपणा, आदल्या दिवशीपर्यंत ते शेतात ठिबकच्या नळ्या अंथरत होते. घरच्यांना सर्वांत अवघड गेले ते हे की डॉक्टरांनी औषध दिलेच नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, इतकेच सांगितले. परतीच्या वाटेवर मामांनी मला विचारले, "तू पोरांना जीवशास्त्र शिकवतेस ना? मग सांग, एवढ्या पेशी वाढल्यात आणि डॉक्टर म्हणतात थांबा. त्या पेशी अंगात करतात तरी काय?"

त्या वेळी मी एका वाक्यात उत्तर दिले: त्या फारसे काही करत नाहीत मामा, त्या फक्त वेळेवर मरत नाहीत. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पेशीने वेळेवर मरणे म्हणजे काय, तो आदेश तिला कोण देते आणि कर्करोगाची पेशी तो कसा परतवून लावते, हे उलगडून सांगितल्याशिवाय आज मिळणाऱ्या औषधांचा अर्थ लागत नाही. म्हणून ते उत्तर इथे सावकाश मांडते आहे.

आपल्या शरीरात मरण रोज आणि प्रचंड संख्येने घडत असते. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज, दिवसाला सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार करतो आणि जवळपास तितक्याच जुन्या पेशी शरीर मोडीत काढते. म्हणूनच रक्ताचे मान स्थिर राहते. जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे आयुष्य तर तासांत किंवा फार तर काही दिवसांत मोजावे लागते. टी-पेशी आणि बी-पेशी ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या बाबतीत शरीर आणखी कठोर आहे. छातीतल्या थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडण्याआधीच मरतात, कारण त्या एक तर निरुपयोगी असतात किंवा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतील अशा असतात. शरीराच्या दृष्टीने ही नासाडी नसून निवड आहे.

खान्देशातल्या कापूस उत्पादकाला ही गोष्ट वेगळ्या नावाने ठाऊक आहे. मे अखेरीस ठिबकवर लावलेला कापूस श्रावणात पात्यांनी, म्हणजे फुलांच्या कळ्यांनी, भरतो आणि मग आठ-दहा दिवस ढगाळ राहिले की पातेगळ सुरू होते. गळायला आलेले पाते बोटाने नुसते हलवले तरी हातात येते. त्याच्या देठाचे बूड निरखून पाहावे: तिथे फाटल्याची खूण नसते, चीक नसतो, फांदीवर एक स्वच्छ, कोरडी, गोल खूण तेवढी राहते. म्हणजे पाते तुटलेले नसते, झाडाने ते सोडलेले असते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर झाड स्वतः तयार करते, त्या थरातल्या भिंती स्वतः विरघळवते आणि जितकी बोंडे पोसता येतील तितकीच ठेवते. सोडायचे की धरून ठेवायचे हे दोन विरुद्ध रसायनांच्या तोलावर ठरते. इथिलीन वाढले आणि ऑक्सिन घटले की पाते सुटते. शेतकरी नॅप्थलीन अॅसेटिक अॅसिडची फवारणी करतो, तेव्हा तो ऑक्सिनचे पारडे जड करतो आणि गळू पाहणारे पाते फांदीवर टिकते. हा तोल लक्षात ठेवावा, कारण पेशीच्या आतही असाच एक तोल आहे, आणि रक्ताच्या कर्करोगात गडबड होते ती याच तोलात. फरक इतकाच की शेतात आपण पाते टिकवतो ते आपल्या हितासाठी, तर रक्तात टिकून राहिलेली पेशी कोणाच्याच हिताची नसते.

हे साम्य माझ्या मनाचे नाही. १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी या तिघा संशोधकांनी पेशींच्या या शिस्तबद्ध मरणाला नाव दिले, तेव्हा त्यांनी पाने किंवा पाकळ्या गळण्यासाठी असलेला ग्रीक शब्द निवडला: अॅपॉप्टोसिस. मराठीत याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. भाजल्याने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने पेशी मरते तेव्हा ती फुगून फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपास सूज येते. नियोजित मृत्यूत यातले काहीच होत नाही. पेशी आकसते, तिच्या केंद्रकातला डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापला जातो, तिच्या पृष्ठभागावर बुडबुडे येऊन तिच्या लहान लहान पुड्या होतात, आणि शेजारच्या भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, वेदना नाही. त्यामुळे हे सारे घडते आहे याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

हा आदेश जनुकांत लिहिलेला आहे हे आधी एका सूक्ष्म कृमीत सिद्ध झाले. मिलिमीटरभर लांबीच्या या कृमीची वाढ होताना १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, त्याच वेळी. या कामासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पेशीच्या आत जाऊ. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटलेले असते. तिला दोन आवरणे असतात आणि त्या आवरणांमधल्या जागेत सायटोक्रोम-सी नावाचे एक छोटे प्रथिन राहते. तंतुकणिकेच्या आत असेपर्यंत ते ऊर्जानिर्मितीच्या कामात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवत असते. त्याच्यावाचून पेशी जगू शकत नाही. पण तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणाला भोके पडून हेच प्रथिन पेशीद्रवात उतरले, तर ते मृत्यूची वर्दी ठरते. बाहेर त्याला अॅपाफ-१ नावाचे प्रथिन येऊन मिळते, दोघांचे मिळून सात आऱ्यांचे एक चाक तयार होते आणि त्या चाकावर कॅस्पेस नावाची विकरे जागी होतात. कॅस्पेस म्हणजे प्रथिने कापणाऱ्या कात्र्या. एकीने दुसरीला जागे करायचे, दुसरीने तिसरीला, असे करत काही मिनिटांत पेशीची सारी चौकट कापली जाते. मला या रचनेचे नेहमी नवल वाटते, कारण जगवणारे आणि मारणारे प्रथिन एकच आहे, फक्त त्याची जागा बदलते.

म्हणजे सारा प्रश्न त्या भोकांपाशी येतो. भोके पडली की माघार जवळजवळ नसते, आणि ती पडू द्यायची की नाही हे बीसीएल-२ नावाचे प्रथिनांचे कुटुंब ठरवते. या कुटुंबात तीन प्रकारचे भाऊबंद आहेत. बॅक्स आणि बॅक हे भोके पाडणारे. बिम, प्यूमा, नॉक्सा वगैरे निरोपे. पेशीत डीएनए तुटला, वाढीचे संकेत बंद झाले किंवा काहीही बिनसले की ते निरोप घेऊन धावतात आणि भोके पाडणाऱ्यांना कामाला लावतात. तिसरे रक्षक: खुद्द बीसीएल-२, शिवाय बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१. रक्षकाच्या अंगावर एक खोबण असते आणि निरोप्याच्या अंगावर एक छोटासा पीळदार दांडा. निरोप्या धावत आला की रक्षक त्याचा दांडा आपल्या खोबणीत अडकवून धरतो आणि निरोप पोचूच देत नाही. निरोपे थोडे आणि रक्षक पुरेसे असतील तर पेशी जगते. निरोपे इतके झाले की सगळ्या खोबणी भरल्या, तर पुढचा निरोप्या मोकळाच राहतो आणि पेशी मरते. हाच तो तोल.

रक्ताच्या कर्करोगाने हा तोल कसा झुकवला याचा पहिला स्वच्छ पुरावा फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात सापडला. या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या पेशींत १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात. १९८४-८५ च्या सुमारास योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी त्या सांध्यावर बसलेले जनुक शोधले आणि बी-पेशींच्या लिम्फोमात सापडलेले दुसरे जनुक म्हणून त्याला बीसीएल-२ हे नाव मिळाले. बी-पेशीचे काम प्रतिपिंडे बनवणे, आणि प्रतिपिंडाच्या जनुकाचा खटका तिच्यात कायम चालू असतो. तो १४ व्या गुणसूत्रावर आहे. गुणसूत्रांच्या या अदलाबदलीत बीसीएल-२ नेमके त्या चालू खटक्याशेजारी येऊन बसते आणि रक्षक प्रथिनाचा पूर लोटतो. निरोगी लसिकाग्रंथीत, जिथे बी-पेशींची चाचणी होऊन दुबळ्या पेशी गळतात, त्या केंद्रांत बीसीएल-२ जवळपास बंद ठेवलेले असते, म्हणजे नापास झालेली पेशी सहज मरावी. म्हणूनच गाठीचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट बीसीएल-२ साठी वेगळा रंग लावतात आणि त्या केंद्रातल्या पेशी तपकिरी झाल्या तर सावध होतात.

कर्करोगाला कारणीभूत ठरणारी जी जनुके तोवर माहीत होती, ती पेशीला विभाजनाकडे ढकलणारी होती. बीसीएल-२ ही तसलेच असेल असा साहजिक तर्क होता. १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी दाखवले की हे जनुक पेशीला वाढायला लावतच नाही. खतपाणी, म्हणजे वाढीचे संकेत, काढून घेतल्यावर साध्या पेशी मरत, तर बीसीएल-२ असलेल्या पेशी नुसत्या तग धरून बसत. कर्करोग न मरण्यातूनही होतो, ही कल्पना या प्रयोगातून रुजली. त्याच शोधनिबंधात दुसरी, तितकीच महत्त्वाची गोष्ट होती. मिक नावाचे जनुक पेशीला झपाट्याने विभागायला लावते, पण अशी बेफाम वाढ सुरू झाली की पेशीतले धोक्याचे निरोपे जागे होतात आणि पेशी मरायला टेकते. मिकच्या जोडीला बीसीएल-२ आले की हा अंकुश सुटतो. पुढे व्हॉ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मानवाचे बीसीएल-२ त्या कृमीत घातले, तर कृमीच्या मरायच्या पेशीही जगल्या. इतकी ही यंत्रणा जुनी आणि सगळ्यांची सामाईक आहे.

गुणसूत्रांची ही अदलाबदल झालेल्या थोड्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सापडतात आणि त्यांना कधीच लिम्फोमा होत नाही. न मरणे ही सुरुवात असते. न मेलेल्या पेशीत पुढे आणखी बिघाड साचत गेले, तरच आजार उभा राहतो.

मामांच्या सीएलएलमध्ये मार्ग वेगळा आहे, मुक्काम तोच. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असतो. मामांच्या फिश, म्हणजे गुणसूत्रांतले बिघाड शोधणाऱ्या, तपासणीतही तेच आले. त्या तुकड्यावर प्रथिन बनवणारे मोठे जनुक नव्हतेच, तर दोन सूक्ष्म आरएनए होते, ज्यांचे काम बीसीएल-२ ची निर्मिती दाबून ठेवणे हे होते. दाबणारा हात गेला आणि रक्षक वाढला.

तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. त्याने मामांच्या रक्ताची लीशमन रंग दिलेली स्लाइड मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. गुलाबी तांबड्या पेशींमध्ये जांभळ्या लिम्फोसाइटची दाटी होती, आणि जागोजागी काही पेशी फुटलेल्या अंड्याच्या बलकासारख्या काचेवर पसरल्या होत्या. यांना स्मज पेशी म्हणतात. रक्ताचा थेंब काचेवर ओढताना सीएलएलच्या नाजूक पेशी दाबाने फुटतात आणि असे डाग उमटतात. मी बराच वेळ त्या पाहत राहिले. काचेच्या एका सरकण्याने फुटणारी ही पेशी शरीरात मात्र महिनोन्महिने मरत नाही. याचा अर्थ ती बळकट मुळीच नाही. तिचा मरणाचा एक दरवाजा तेवढा कोणीतरी धरून ठेवला आहे.

फार काळ असे मानले जाई की सीएलएलच्या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत, नुसत्या साचतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमयुक्त पाणी, पाजून नव्या पेशी मोजल्या गेल्या, तेव्हा रोज एकूण पेशींच्या ०.१ ते १ टक्क्याहून अधिक पेशी नव्याने जन्मत असल्याचे दिसले. म्हणून मामांना दिलेले माझे उत्तर आज मी दुरुस्त करते: पेशी जन्मतातही आणि मरतातही, पण जमा अधिक आणि खर्च कमी. खर्च फारच कमी नसेल तर हा हिशेब वर्षानुवर्षे संथ राहतो, आणि लक्षणे नसताना लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढते असे चाचण्यांत दिसलेले नाही. डॉक्टर थांबा म्हणाले ते यासाठी.

नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या गावांत रक्ताचा आजार म्हटले की लोकांना आधी सिकलसेल आठवतो, म्हणून हे सांगायला हवे की सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष आहे. तो कर्करोग नव्हे. रक्ताचे कर्करोगही एक नसून अनेक आहेत, आणि मृत्यू टाळण्याची प्रत्येकाची वाट निराळी आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएल हे विकृत प्रथिन सतत जगण्याचे संकेत देत बिम या निरोप्याला दाबून ठेवते. इमॅटिनिबची गोळी ते प्रथिन बंद करते तेव्हा बिम पुन्हा वाढते आणि पेशी मरतात. मल्टिपल मायलोमाच्या पेशी बहुधा एमसीएल-१ च्या आधारावर जगतात. लहान मुलांच्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात पहिल्या आठवड्यातच प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या का देतात, असे पालक विचारतात. त्यांचे मुख्य काम लिम्फोसाइट पेशीत बिम वाढवून तिला याच मार्गाने मारणे हे असते. आठवड्याभरात रक्तातल्या विकृत पेशी किती घटल्या यावरून मुलाच्या पुढच्या उपचारांचा अंदाज येतो, कारण ज्या पेशी स्टेरॉइडला दाद देत नाहीत त्यांच्यात मरणाची यंत्रणाच अडलेली असण्याची शक्यता मोठी.

मरणाचा आदेश बाहेरूनही येतो. प्रतिकारपेशी आपल्या हाताने नकोशा पेशीच्या पृष्ठभागावरची फॅस नावाची कडी वाजवतात आणि कॅस्पेस थेट जागी होतात. ज्या मुलांत जन्मतः फॅसचे जनुक बिघडलेले असते, त्यांच्या लसिकाग्रंथी आणि प्लीहा सुजून मोठ्या होतात आणि त्यांना लिम्फोमाचा धोका वाढतो. निसर्गाने केलेला हा क्रूर प्रयोगच म्हणायचा.

केमोथेरपीचे जुने गणितही याच यंत्रणेवर उभे आहे. औषध डीएनए तोडते, पी५३ नावाचे प्रथिन ते ओळखते आणि प्यूमा व नॉक्सा हे निरोपे सोडते. म्हणजे औषध पेशीला मारत नाही, मरण्याचे कारण देते. मरायचे पेशीने स्वतः असते. १७ व्या गुणसूत्राचा आखूड हात गळाला की त्यावरचे पी५३ जाते, आणि मग डीएनए कितीही तोडला तरी निरोप निघतच नाही. अशा रुग्णांत नेहमीची केमोथेरपी अपयशी का ठरते हे डॉक्टरांना दिसत होते, पण उपाय नव्हता.

तो उपाय ज्या विचारातून आला तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा विचार वाटतो. कर्करोगाची पेशी मृत्यूला बधत नाही म्हणून ती निगरगट्ट आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिच्या आत निरोप्यांची गर्दी साध्या पेशीपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण तिच्यात बिघाड अधिक असतात. तिचे रक्षक त्या सगळ्यांना खोबणींत अडकवून उभे असतात. निरोगी पेशीचे रक्षक काढून घेतले तर पुष्कळदा काही होत नाही, कारण तिथे सोडायला कैदीच नसतात. कर्करोगाच्या पेशीचे रक्षक काढले तर सगळे कैदी एकदम सुटतात आणि ती तासांत मरते. म्हणजे तिचा प्रतिकार हेच तिचे परावलंबन आहे. बोस्टनमध्ये अँथनी लेटाई यांनी पेशी मृत्यूच्या किती काठावर आहे आणि कोणत्या रक्षकाच्या आधारावर उभी आहे, हे मोजण्याची पद्धतच तयार केली.

मग औषधाने करायचे इतकेच की निरोप्याच्या दांड्यासारखी एक पाचर बनवून रक्षकाच्या खोबणीत ठोकायची. सांगायला सोपे, पण खोबण उथळ आणि लांबट असल्याने तिथे बसणारा रेणू घडवायला वर्षे लागली. २००५ मध्ये एबीटी-७३७ हा पहिला चांगला रेणू आला. त्यावरून बनलेले नॅव्हिटोक्लॅक्स गोळीने देता येई, पण ते बीसीएल-एक्सएललाही अडवत असे, आणि प्लेटलेट नेमक्या बीसीएल-एक्सएलवर जगतात. त्यामुळे रुग्णांच्या प्लेटलेट घसरत. मग फक्त बीसीएल-२ च्या खोबणीत बसेल असा रेणू घडवला गेला. तो व्हेनेटोक्लॅक्स. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या सीएलएलच्या रुग्णांसाठीच, कारण हे औषध पी५३ ला वळसा घालून थेट तंतुकणिकेच्या दारात पोचते. वयस्कर आणि तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅझासायटिडिन या औषधाला याची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेले. पाच महिने थोडे वाटतील. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ते थोडे वाटत नाहीत.

औषध किती नेमके लागू पडते याचा पुरावा त्याच्या धोक्यातच मिळाला. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या पेशी इतक्या झपाट्याने मेल्या की त्यांच्यातून सुटलेले पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अॅसिड मूत्रपिंडांना आवरेना, आणि त्यात जीवही गेले. म्हणून आता सीएलएलमध्ये ही गोळी पायरीपायरीने चढवतात: पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००.

अडीच वर्षे थांबल्यावर मामांच्या मानेतल्या गाठी वाढल्या, हिमोग्लोबिन उतरले आणि मुंबईला उपचार सुरू झाले. ओबिनुटुझुमॅबची इंजेक्शने आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या, मिळून १२ आवर्तने. त्या पाच आठवड्यांत मामी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे असे, कारण युरिक अॅसिड कमी करणारी गोळी आणि भरपूर पाणी ही त्या उपचाराचीच अंगे आहेत. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी या औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढते, म्हणून कोणतीही गोळी, मग ती गावच्या डॉक्टरांनी दिलेली का असेना, मुंबईला विचारल्याशिवाय घ्यायची नाही असा नियम घरात झाला.

पेशी इथेही वाट शोधते. २०१९ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की हे औषध वर्षानुवर्षे सतत घेणाऱ्या काही रुग्णांत बीसीएल-२ च्या साखळीतल्या १०१ व्या जागेवरचे ग्लायसिन जाऊन तिथे व्हॅलिन येते. खोबणीचा आकार किंचित बदलतो, औषधाची पाचर बसत नाही, निरोप्याचा दांडा मात्र बसतो. काही पेशी बीसीएल-२ सोडून एमसीएल-१ चा आधार घेतात. काही भोके पाडणाऱ्या बॅक्सलाच गमावतात, आणि मग निरोपे सुटूनही उपयोग नाही. आसपासच्या पेशींचाही हातभार असतो: सीएलएलच्या पेशी बशीत एकट्या ठेवल्या तर काही दिवसांत आपोआप मरतात, पण अस्थिमज्जेतल्या आधारपेशी सोबत ठेवल्या तर तगून राहतात, कारण त्या शेजारणींकडून मिळणारे संकेत एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल वाढवतात. मग एमसीएल-१ लाच का अडवू नये, असा प्रश्न येतो. तशी औषधे बनली, पण हृदयाच्या स्नायूलाही एमसीएल-१ लागते आणि त्यामुळे त्यांच्या चाचण्या अडखळल्या. औषध सतत न देता ठरावीक काळाने थांबवायचे, म्हणजे पेशींना नवी वाट शोधायला सवड मिळू नये, हा सध्याच्या १२ आवर्तनांमागचा एक विचार आहे.

मामांची १२ आवर्तने या वर्षी संपली. शेवटच्या तपासणीत १० हजार पांढऱ्या पेशींत एकही विकृत पेशी सापडली नाही. याहून बारीक शोध त्या चाचणीला लागत नाही, म्हणून डॉक्टर बरे झालात असे म्हणत नाहीत, सहा महिन्यांनी या म्हणतात. परत आल्यावर मी लॅबमध्ये जाऊन त्यांची नवी स्लाइड पाहिली. माझ्या विद्यार्थ्याने १०० पेशी मोजल्या, मी शेजारी उभी होते. न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, मोनोसाइट, एखादी लिम्फोसाइट. बलकासारखा पसरलेला डाग त्या शंभरांत एकही नव्हता.